साडेबारा लाखांच्या बाजारात कॅमेरा चालवायचा तर

दर दोन-तीन महिन्यांनी कुणाचा तरी मेसेज येतो. ‘ताई, मॉरिशसला येऊन व्हिडिओचं काम सुरू करायचंय, चालेल का?’ विचारणारा पुण्याचा असतो, ठाण्याचा असतो, आणि बहुतेक वेळा हनिमूनला येऊन समुद्र बघून गेलेला असतो. अलीकडे इथलीच मराठी घरातली पोरं विचारायला लागली आहेत. ती क्रेओलमध्ये, म्हणजे इथल्या फ्रेंचवरून आलेल्या रोजच्या बोलीत विचारतात, एवढाच फरक.

मी चिपळूणची. गोरेगावात सात वर्षं एडिटिंग टेबलावर काढली आणि २००६ साली लग्न होऊन इथे आले. सासरचे पणजोबा सावंतवाडीकडून उसाच्या शेतावर आलेले. कात्र बोर्नला आमचा चौघांचा स्टुडिओ आहे, आणि तो चालतो. पहिली सहा वर्षं मात्र तो चालत नव्हता, ढकलावा लागत होता. प्रत्येकाला तेच तेच लिहिण्यापेक्षा एकदाच सविस्तर सांगते.

आधी हिशेब

मॉरिशसची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत एकट्या नाशिक शहरात १४ लाख ८६ हजार माणसं होती. फक्त नाशिककरांसाठी मालिका काढून तिचा खर्च वसूल करून दाखव म्हटलं की समोरचा गप्प होतो. त्यात हे साडेबारा लाख एका भाषेचे नाहीत. घरात क्रेओल, पेपर फ्रेंच, सरकारी कागद इंग्रजी, आजीच्या तोंडी भोजपुरी, पूजेला मराठी, तमिळ किंवा तेलुगू, आणि रात्री टीव्हीवर हिंदी सिनेमा.

कॅमेऱ्याची किंमत मात्र लोकसंख्या बघून कमी होत नाही. उलट तो आणण्याचं भाडं आणि १५ टक्के व्हॅट चढतो. आणि स्पर्धा कुणाशी? मुंबईची मालिका इथे येते तेव्हा तिचा खर्च तिकडेच निघालेला असतो. पॅरिसच्या कार्यक्रमाचंही तेच. इथे ती विकताना जे मिळेल तो वरकड नफा. इथल्या वाहिनीला तासाभराचा तयार कार्यक्रम घेणं नेहमीच तुमच्याकडून नवा करून घेण्यापेक्षा स्वस्त पडणार. किमतीत तुम्ही त्यांना कधीच हरवू शकत नाही, तेव्हा तो नाद पहिल्याच दिवशी सोडा.

मग जगायचं कसं? माझा एकच नियम आहे आणि पुढचं सगळं त्याचाच विस्तार आहे: दुसरं गिऱ्हाईक कोण हे ठरल्याशिवाय कॅमेरा उचलायचा नाही. पहिलं गिऱ्हाईक खर्च भागवतं. पोट दुसऱ्यावर भरतं. हॉटेलची फिल्म करताय? त्याच सकाळी खाडीचे चार शॉट स्वतःसाठी घ्या, आणि तसं करारात आधी लिहून घ्या.

वाकाशिओच्या तेलात गेलेले हक्क

हा नियम मला फुकट मिळालेला नाही. २५ जुलै २०२० ला वाकाशिओ हे मालवाहू जहाज बेटाच्या आग्नेयेला प्रवाळाच्या खडकावर चढलं. ६ ऑगस्टपासून तेल गळायला लागलं, १५ ऑगस्टला जहाज दुभंगलं. सुमारे हजार टन तेल समुद्रात गेलं. कोविडमुळे मार्चपासून बेटाची दारं बंद होती, परदेशी कॅमेरे येऊ शकत नव्हते. सगळ्या जगाला दृश्यं हवी होती आणि ती घेणारे फक्त आम्ही, इथले.

माहेबूरच्या धक्क्यावर मी चार दिवस होते. डांबराचा वास नाकातून थेट डोक्यात जायचा. बाया ओळीने बसून कापडाच्या लांब पिशव्या शिवत होत्या, पुरुष त्यात उसाचं पाचट कोंबत होते, तरंगावं म्हणून मध्ये रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या. तेल अडवायला सरकारची वाट न बघता गावाने केलेला बांध. एक आजोबा पाचट कोंबता कोंबता थांबले, तळहात उलटा करून बघितला, काळा झालेला, आणि तोच हात पुन्हा पाचटात घातला. तो शॉट नऊ सेकंदांचा आहे. मला अजून फ्रेमसकट आठवतो.

तिसऱ्या दिवशी एका परदेशी संस्थेचा फोन आला. आकडा युरोत होता, त्यात स्टुडिओचं दोन महिन्यांचं भाडं निघत होतं, आणि बेटाची दारं बंद असल्याने आमच्याकडे काम नव्हतं. ईमेलला ‘मान्य’ असं एका शब्दाचं उत्तर दिलं. खाली बारीक अक्षरात ‘सर्व हक्क, सर्व माध्यमं, कायमस्वरूपी’ असं होतं. वर्षभराने आम्ही स्वतः त्या किनाऱ्यावर माहितीपट करायला घेतला, आणि आजोबांचे ते नऊ सेकंद वापरायला मलाच अर्ज करून पैसे भरावे लागले. माझ्याच कॅमेऱ्यातले. त्यांचं काही चुकलं नाही, ‘मान्य’ मीच लिहिलं होतं.

तेव्हापासून दृश्यं ‘विकत’ नाही, वापरायला देतो. करारात पाच गोष्टी आकड्यात आणि नावात असल्याच पाहिजेत: किती सेकंद, कुठल्या माध्यमात, कुठल्या देशात, किती वर्षं, आणि हक्क नॉन-एक्स्क्लुझिव्ह, म्हणजे तेच दृश्य दुसऱ्यालाही देता येईल असा. बातमीसाठी मागत असतील तर ‘बातमीपत्रात वापर, ३० दिवस’ एवढंच. माहितीपटात वापरायचं असेल तर परत विचारा, परत पैसे द्या. मूळ फुटेज आमच्याच डिस्कवर राहणार. आणि एक्स्क्लुझिव्हच हवं म्हणाले तर दर तिप्पट. हा तिपटीचा आकडा ऐकला की दहातले आठ जण म्हणतात, नॉन-एक्स्क्लुझिव्ह चालेल. म्हणजे त्यांना ते कधी लागतच नव्हतं, सवयीने छापलेलं असतं.

मॉरिशसचा कॉपीराइट कायदा २०१४ चा आहे आणि देश कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात आहे, त्यामुळे कागद नीट असेल तर तुमचा हक्क परदेशातही टिकतो. मुद्दा कायद्याचा कमी आणि घाईचा जास्त. मोठी बातमी बेटावर दहा वर्षांतून एकदा येते आणि त्या दिवशी करार वाचायला कुणाला वेळ नसतो. म्हणून तो आज लिहा. एक पानाचा, इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये, फोनमध्ये ठेवा.

एक मास्टर, चार भाषा

भाषांचा गोंधळ मी सुरुवातीला शाप समजत होते. नीट पाहिलं तर बेटाचं खरं भांडवल तेच आहे. आमचा साउंडचा मुलगा फ्रेंच, इंग्रजी, क्रेओल, भोजपुरी आणि कामापुरती हिंदी बोलतो आणि त्यात काही विशेष आहे असं त्याला वाटतही नाही. मुंबईत असा माणूस शोधायला निघालात तर दुपार होईल.

पण या भांडवलाचा उपयोग व्हायला मास्टर फाइल, म्हणजे जिच्यावरून पुढच्या सगळ्या प्रती निघतात ती, तशी बनवावी लागते. पडद्यावरची अक्षरं चित्रात भाजून टाकू नका, अक्षरांशिवायची स्वच्छ प्रत वेगळी ठेवा. निवेदन, संवाद, संगीत आणि परिसराचे आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर. संगीत आणि आवाजांचा एकत्र ट्रॅक, ज्याला सगळे एम अँड ई म्हणतात, तो पहिल्याच दिवशी काढून ठेवायचा. दोन वर्षांनी काढू म्हणाल तर प्रोजेक्ट उघडणार नाही. आणि कट बांधताना प्रत्येक निवेदनाच्या वाक्यामागे श्वासभर जागा सोडा. इंग्रजीत सहा सेकंदांत बसणारं वाक्य फ्रेंचमध्ये सातावर जातं. इंग्रजीला घट्ट बसवलेली फिल्म फ्रेंचमध्ये धापा टाकते.

एवढं केलंत की सव्वादोनशे किलोमीटरवरचं रेयुनियाँ तुमचं गिऱ्हाईक होतं. तिथे साडेआठ लाखांच्या वर माणसं, फ्रान्सचाच भाग, त्यामुळे खरेदीची ताकद युरोपची. सेशेल्समधली क्रेओल आपल्या क्रेओलच्या इतकी जवळ की कोकणी आणि मालवणीसारखं समजून घेता येतं. इथल्या प्राथमिक शाळांत २०१२ पासून क्रेओल विषय म्हणून शिकवतात, म्हणजे क्रेओल वाचणारी पहिली पिढी आता तरुण झाली आहे. क्रेओल सबटायटल नीट, शाळेतल्या शुद्धलेखनाने लिहा. बहुतेक जण अजून मनाला येईल तसं लिहितात.

ही युक्ती आजची नाही. बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर इथल्या गिरमिटियांचे, म्हणजे करारावर आणलेल्या भारतीय मजुरांचे खटले चालवायला १९०७ साली आले आणि १९०९ मध्ये त्यांनी ‘हिंदुस्तानी’ नावाचं पत्र काढलं, इंग्रजी आणि गुजरातीत. वाचणारा मजूर गुजराती नव्हता. मग गुजरातीची जागा हिंदीने घेतली. त्याआधी १८३२ पासून फ्रेंच मळेवाल्यांचं ‘ल सर्नेएँ’ हे पत्र होतंच, पण त्यात मजुराबद्दल लिहिलं जायचं, मजुरासाठी नाही. कुणाला अजून कुणी त्याच्या भाषेत विचारलेलं नाही, तिथे धंदा असतो. रेडिओने हेच केलं. टीव्ही १९६५ पासून सरकारी एमबीसीच्याच, म्हणजे मॉरिशस ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनच्या हातात. २००२ मध्ये खासगी रेडिओ आले, रेडिओ वन, रेडिओ प्लस, टॉप एफएम, आणि त्यांनी क्रेओलमध्ये श्रोत्यांना थेट फोनवर घेतलं. नळाला पाणी नाही, बस आली नाही, पेन्शन अडकली. एक माइक, एक फोन, शून्य आयात. असा कार्यक्रम मुंबई-पॅरिसहून कुणीही स्वस्तात आणून विकू शकत नाही.

वेळेचाही फायदा आहे, तो कुणी सांगत नाही. आपल्याकडे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा मुंबईत साडेदहा आणि पॅरिसला सात, हिवाळ्यात सहा. पॅरिसने रात्री पाठवलेली फाइल त्यांचं ऑफिस उघडायच्या आत सबटायटल करून परत. आमचं महिन्याचं वीजबिल या कामावर निघतं. दिमाखाचं काम नाही, पण वेळेवर पैसे देणारं आहे.

सरकारी परताव्याबद्दल

परदेशी निर्मात्यांसाठी इथे २०१३ मध्ये फिल्म रिबेट योजना सुरू झाली. इथे केलेल्या पात्र खर्चाचा ३० टक्के भाग परत, पुढे काही प्रकारच्या निर्मितीला ४० टक्क्यांपर्यंत. २०१७ मध्ये हॉलिवूडचे मॅथ्यू मॅकॉनही आणि ॲन हॅथवे चित्रीकरणाला आले होते तेव्हा अख्खं बेट त्यांच्या गाड्यांमागे होतं. काम आलं, हॉटेलं भरली, हे खरंच. पण माझं मत विचाराल तर सवलत म्हणजे आमिष, मासा नव्हे. दुसरं बेट उद्या दोन टक्के जास्त देईल आणि युनिट तिकडे जाईल. माल्टाने १९६० च्या दशकात कालकाराला समुद्राच्या काठी चित्रीकरणासाठी पाण्याचा भला मोठा टँक बांधला, मागे क्षितिज खरं समुद्राचं. सवलत सगळेच देतात, तो टँक कुणी उचलून नेऊ शकत नाही. आपल्याकडे असा टँक म्हणजे माणसं.

म्हणून बाहेरचं युनिट आलं की नुसत्या व्हॅन आणि जेवणाचं कोटेशन देऊ नका. दुसरा कॅमेरा असिस्टंट, फोकस पुलर (शॉट चालू असताना फोकस सांभाळणारा), डेटा सांभाळणारा, यांतल्या दोन जागा इथल्याच माणसांना, आणि श्रेयनामावलीत नाव, असं कोटेशनच्या पहिल्या पानावर टाका. पाठीमागे टाकलंत तर पहिली कात्री तिथेच लागते. आमच्या स्टुडिओतली मुलगी अशाच एका जाहिरातीत तीन आठवडे फोकस ओढून शिकली. आता तिला रेयुनियाँवाले बोलावतात.

योजनेत स्वतः उतरणार असाल तर तीन गोष्टी. आधी मंजुरी, मग खर्च. परतावा हिशेब तपासून झाल्यावर मिळतो, तोवर पैसे तुमच्या किंवा निर्मात्याच्या खिशातले अडकलेले असतात, आणि निर्मात्याने ते तुमच्या बिलातून अडकवू नयेत हे लिहून घ्या. आणि नियम दर बजेटला बदलू शकतात, इथे बजेट जूनमध्ये येतं, तेव्हा योजना बघणाऱ्या इकॉनॉमिक डेव्हलपमेंट बोर्डाची नियमांची ताजी प्रतच वाचा, कुणाचं ऐकीव नको. माझंही.

हवा, चक्रीवादळ आणि बुरशी

क्यूरपीपला पाऊस कोसळत असतो तेव्हा अर्ध्या-पाऊण तासावर फ्लिक-आँ-फ्लाकला लख्ख ऊन असतं. प्रत्येक दिवसाच्या शेड्यूलमध्ये डोंगरापलीकडचं एक बदली लोकेशन लिहाच. जून ते सप्टेंबर पूर्वेच्या किनाऱ्यावर वारा इतका की संवाद घेणं विसरा. पश्चिमेला जा. ल मॉर्न आणि आप्रवासी घाट ही दोन्ही जागतिक वारसास्थळं, तिथल्या परवानग्या वेगळ्या लागतात, आणि ड्रोनला नागरी विमान वाहतूक खात्याची. त्यांना वेळ द्या.

चक्रीवादळाचे इशारे इथे एक ते चार वर्गांत येतात. वर्ग तीन लागला की बस बंद, दुकानं बंद, माणसं घरात. १५ जानेवारी २०२४ ला बेलाल आलं तेव्हा पोर्ट लुईच्या रस्त्यांवर गाड्या तरंगत होत्या. त्यातली एक आमच्या ओळखीच्या लाइटवाल्याची. वर्ग तीनच्या दिवसाचं भाडं आणि मजुरी कोण भरणार हे करारात नसेल तर ते तुम्हीच भरता. आम्ही ‘अर्धं-अर्धं’ लिहितो, कुणी अजून नाही म्हटलेलं नाही.

भारतातून सामान आणत असाल तर एटीए कार्नेट काढा, म्हणजे सामान तात्पुरतं आणून परत नेण्याचा कस्टमचा कागद. तिकडे फिक्की ही उद्योग संघटना तो देते, इथे मॉरिशस चेंबर ऑफ कॉमर्स बघतं. यादीत प्रत्येक वस्तूचा सीरियल नंबर, अगदी बॅटरीचाही. एक आकडा चुकला तर कस्टममध्ये तुमची सकाळ जाते. प्लग ब्रिटिश तीन चौकोनी पिनांचे आणि फ्रेंच दोन गोल पिनांचे, दोन्ही एकाच भिंतीवर सापडतात. ॲडॅप्टर मूठभर आणा.

आणि बुरशी. कोकणातल्या माणसाला सांगायला नको, पण पुण्याच्यांना सांगते: लेन्स बॅगेत ठेवून विसरलात तर तीन महिन्यांत आत कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी दिसते. ड्राय कॅबिनेट, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट, परवडत नसेल तर रबराच्या झाकणाचा घट्ट डबा आणि सिलिका जेल. जेल दर पंधरवड्याला तव्यावर मंद आचेवर कोरडं करा. तवा मात्र वेगळा ठेवा. सासूबाईंनी मला एकदा पोळ्यांच्या तव्यावर पकडलं होतं.

महागडं सामान सगळ्यांनी सगळं घ्यायचं नाही. आम्ही चार छोट्या स्टुडिओंनी भिशीसारखी सोय केली आहे. एकाकडे लांब लेन्सा, एकाकडे लाइट, एकाकडे कॅमेरा स्थिर धरणारं गिंबल, आमच्याकडे आवाजाचं सामान. एक कॅलेंडर, ठरलेलं नाममात्र भाडं, मोडलं तर ज्याच्या हातात मोडलं त्याने भरायचं. चौघंही एकाच टेंडरला एकमेकांविरुद्ध कोटेशन देतो आणि जिंकेल त्याला लेन्स देतो. पहिल्या वर्षी फार अवघड गेलं. एकदा एकाने ऐन वेळी लाइट दिले नाहीत. मग अनामत रक्कम आली आणि सगळे सरळ झाले.

गिऱ्हाइकांचंही थोडं असंच. बेटावर हॉटेलं, बँका, टेलिफोन कंपन्या, सुपरमार्केट, एवढेच मोठे जाहिरातदार, आणि सगळे एकमेकांचे मावसभाऊ. एका गिऱ्हाइकाकडून वर्षाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त उत्पन्न येऊ देऊ नका. ते रागावलं की तुम्ही बसलात. पत्रकारिता करणार असाल तर हे दुप्पट लागू.

घरचं सोनं

इथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. आमच्याकडे कास्कावेलच्या बाजूला गणपती असतो, जाखडी नाचतात, इथे तिला झाकरी म्हणतात. शब्द काही जुने कोकणातले, काही क्रेओलने घासलेले. रत्नागिरीच्या माणसाने ऐकलं तर तो आधी हसेल आणि मग गप्प होईल. हे जगात दुसरीकडे कुठेही मिळत नाही, म्हणजे माझ्या नियमाने हा पहिल्या नंबरचा माल.

काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्या एका वाहिनीवरून फोन आला. ‘मॅडम, तिकडच्या गणपतीचे शॉट पाठवा ना, आपलीच माणसं आहेत.’ दर विचारला तर म्हणाले, आपल्या माणसांत काय पैसे. मी पाठवले. नाव न देता लावले, चौकटीत भलत्याच बेटाचं नाव. दुसऱ्या वर्षी पुन्हा फोन आला तेव्हा मी दरपत्रक पाठवलं. त्यांनी घासाघीस केली आणि दिले. आता दरवर्षी देतात.

सध्या आमची पद्धत अशी. दोन कॅमेरे, झाकरीचा आवाज स्वतंत्र रेकॉर्डरवर, कारण पुढेमागे नुसता आवाजही विकला जातो. गायकांची संमती क्रेओलमधल्या एका पानावर, मोठ्या अक्षरात, मोठ्याने वाचून दाखवून. त्यावर तीन मुद्दे: कुठे वापरणार, नाव कसं येणार, आणि विक्रीतला तिसरा वाटा मंडळाचा. जुन्या व्हीएचएस घरोघरी पडून आहेत, त्याही गोळा करून डिजिटल करतो, तीच वाटणी लावून. मागच्या वर्षीच्या वाट्यातून मंडळाने नवी ढोलकी घेतली. जुनीचं चामडं दमटपणाने सैल पडलं होतं, आणि रेकॉर्डिंगमध्ये ते मला तीन वर्षं ऐकू येत होतं.